परिचारिकेची वाट शाळेतूनच जाते



दहावीनंतर कोणता ग्रुप घ्यावा, या विषयावर पालकांशी बोलताना एक वाक्य मला दरवर्षी ऐकू येते. "मार्क कमी पडले तर मग नर्सिंगला टाकू." यातला 'टाकू' हा शब्द मला खटकतो. इंजिनीअरिंगला मुलगा 'जातो', मेडिकलला त्याचा 'नंबर लागतो', आणि नर्सिंगला मात्र मुलीला 'टाकतात'. जणू उरलेली वस्तू कुठे तरी ठेवायची आहे! पुन्हा हा विचार होतो तो निकाल हातात आल्यावर. माझे म्हणणे असे की नर्सिंगची वाट खुली राहणार की बंद होणार, हे निकालाच्या पुष्कळ आधी, पाचवी ते आठवीच्या वर्गांत ठरून गेलेले असते. कधी कधी तर बालवाडीतच.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या विद्यानगरात, विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुर्गाबाई देशमुख हॉस्पिटल आहे. आपल्यापैकी कित्येकांचा जन्म तिथला असेल. पण ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण कसे झाले, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्रीचा. लहानपणीच त्यांचे लग्न लावून दिले होते. बारा वर्षांच्या असताना इंग्रजी माध्यमाच्या सक्तीचा निषेध म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि मुलींसाठी राजमहेंद्रीत बालिका हिंदी पाठशाळा सुरू केली. (माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झालेले असल्यामुळे ही हकीकत सांगताना मला थोडा जास्तच आनंद होतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.) १९२३ साली काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असताना तिकीट नाही म्हणून त्यांनी जवाहरलाल नेहरूंना अडवले, ही गोष्ट आपण भाषणांतून ऐकतो. १९३० ते १९३३ या काळात त्या तीन वेळा तुरुंगात गेल्या. भाषणे बहुधा इथे थांबतात. मला महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग.

तुरुंगातून सुटल्यावर, विशी उलटलेली असताना, त्या पुन्हा पुस्तके घेऊन बसल्या. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा दिली. मग आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्रात बी.ए. आणि एम.ए. केले. १९४२ मध्ये मद्रासहून कायद्याची पदवी घेतली. बाराव्या वर्षी शाळेला पाठ फिरवलेली मुलगी पुढे संविधान सभेची सदस्य झाली. शाळा सुटल्यावर परत आत शिरणे किती कठीण असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच १९३७ मध्ये मद्रासला आंध्र महिला सभा सुरू केली, तेव्हा पहिल्या कामांपैकी एक काम होते मोठ्या वयाच्या स्त्रियांना मॅट्रिकच्या परीक्षेसाठी शिकवणे. पुढे याच सभेने दवाखाने काढले आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणालाही हात घातला. शाळा आणि दवाखाना ही दोन कामे एका संस्थेत एकत्र आली, हा योगायोग नव्हता.

१९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. खेड्यापाड्यांत परिचारिका, सुईणी, ग्रामसेविका, शिक्षिका हव्या होत्या. काम करायला तयार असलेल्या बायकाही होत्या. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, घरच्या गरिबीने गांजलेल्याही होत्या. पण प्रशिक्षणाच्या दारावर आठवीचा नाही तर मॅट्रिकचा दाखला मागत, आणि तो त्यांच्याकडे नसे. कुणी तिसरीत शाळा सोडलेली, कुणी पाचवीत. कष्टाची सवय, माया, धीर, सगळे होते. दाखला तेवढा नव्हता. यावर मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केला. राहिलेली शाळा सुमारे दोन वर्षांत पुरी करून घ्यायची, परीक्षा द्यायला लावायची आणि मग प्रशिक्षणाला पाठवायचे. अशा रीतीने कितीतरी स्त्रियांना वयाच्या विशी-तिशीत दुसऱ्यांदा शाळेत बसायला मिळाले.

आपल्या समाजाला या कुटुंबाविषयी आपुलकी वाटण्याचे आणखी एक कारण आहे. दुर्गाबाईंचे पती चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५३ मध्ये दोघांचा विवाह झाला. उत्तरायुष्यात हैदराबाद हेच त्यांचे घर झाले आणि १९८२ साली चिंतामणरावांचे निधनही इथेच झाले. तेलुगू घर आणि मराठी घर असे एकत्र आलेले आपल्या वस्तीत आज अनेक आहेत. त्यांना ही जोडी जवळची वाटेल.

नेमकी हीच अडचण महाराष्ट्रात त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे रमाबाई रानड्यांपुढे उभी होती. त्यांचे लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी घरीच त्यांना शिकवले, आणि ते शिकणे घरातल्या इतर बायकांना मुळीच आवडले नाही. १९०९ साली रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेव्हा तिथेही आधी अक्षरओळखीचे आणि प्राथमिक शिक्षणाचे वर्ग निघाले. मग त्यातून तयार झालेल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला गेल्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, सोवळेओवळे सोडायचे, रात्रपाळी करायची, यावर त्या काळी केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करावी. तरीही त्या गेल्या. दुर्गाबाईंचा जन्म आणि पुण्याचे सेवासदन, दोन्हीचे साल १९०९ हा मात्र निव्वळ योगायोग.

आता आजच्या शाळेकडे वळू. दाखला सोडला, तर शाळा भावी परिचारिकेला नेमके काय देते?

माझ्या मते पहिले देणे म्हणजे गणित. पालकांना याचे आश्चर्य वाटते. नर्सिंग म्हणजे मायेचे काम, त्यात गणित कशाला? एक साधे उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी मुलाला तापाच्या औषधाचे २५० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. बाटलीवर लिहिले आहे, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. म्हणजे द्यायचे १० मिलिलिटर. पण त्याच औषधाची दुसरी बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची येते. त्या बाटलीतून सवयीने १० मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध गेले. आता सलाईनचा हिशोब पाहा. ५०० मिलिलिटरची बाटली ४ तासांत संपवायची आहे आणि नळीच्या एका मिलिलिटरमध्ये २० थेंब पडतात. तर मिनिटाला किती थेंब? एकूण थेंब १०,०००, एकूण मिनिटे २४०, उत्तर सुमारे ४२. हे सातवीचे त्रैराशिक आहे. फरक इतकाच की परीक्षेत उत्तर चुकले तर दोन मार्क जातात. दशांश चिन्ह एक घर सरकले तर ०.५ चे ५ होतात, म्हणजे दहापट. हे चिन्ह हिंदीत मी 'दशमलव' म्हणून शिकले, तुम्ही 'दशांश' म्हणता, कॉलेजात 'डेसिमल' म्हणतील. नाव कोणतेही असो, ते कुठे मांडायचे हे सहावी-सातवीत हाताला बसले पाहिजे.

ज्या मुलीला सातवीत कुणी "तुला गणित जमायचे नाही" असे सांगितले, ती आठवीत विज्ञानाला घाबरते, दहावीनंतर बायपीसीकडे बघतही नाही, आणि बी.एस्सी. नर्सिंगचा दरवाजा तिच्यासाठी बंद होतो. मागे वळून पाहिले तर दरवाजा लावणारे वाक्य सातवीतले असते. 'मार्क कमी म्हणून नर्सिंग' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो तो याचसाठी. अंगावर येणारे विज्ञान कायम टाळायला शिकलेल्या मुलीला आपण थेट औषधांच्या हिशोबात ढकलतो. मग पहिल्या वर्षी ती रडत घरी आली की दोष तिलाच देतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपण हातात दिवा घेतलेले पाहतो. ती शाळेत गेलीच नव्हती. वडिलांनी तिला घरी शिकवले. पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत होते, हे तिने आकडे गोळा करून आणि वर्तुळात आकृत्या काढून सरकारला पटवून दिले. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला १८५८ मध्ये सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. दिव्याच्या जोडीला हातात आकड्यांचा कागद दाखवला, तर ते चित्र जास्त खरे होईल.

दुसरे देणे भाषेचे, आणि इथे आपल्या हैदराबादी मराठी मुलांचे भाग्य मोठे आहे. घरी मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू, वहीत इंग्रजी. पाचवीपर्यंत चार भाषा कानावरून गेलेल्या असतात. वॉर्डात याचे मोल कळते. तेलुगू बोलणारी म्हातारी 'कळ्ळु तिरुगुतुन्नायि' म्हणते. शब्दशः डोळे फिरतायत. पण तिच्या डोळ्यांना काही झालेले नसते, तिला भोवळ येत असते. आपली आजी 'पोटात कळ येते' म्हणते, तेव्हा तो ओटीपोटातला पिळवटा असतो, आणि हे 'पेन' या एका शब्दात मावत नाही. जुन्या शहरातला मियाँ 'नक्को' म्हणतो, तो शब्द तर आपल्याच 'नको'चा भाऊ. दुखणे माणूस आईच्या भाषेत सांगतो. ते ज्याला कळते, त्याने अर्धी नोंद तिथेच बरोबर केलेली असते. म्हणून पालकांना विनंती आहे, मुलांचे तेलुगू 'फक्त पास होण्यापुरते' राहू देऊ नका, आणि घरातली मराठीही सोडू नका.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे आणि ती झाकून चालणार नाही. नर्सिंगची पुस्तके, रुग्णाचे कागद, डॉक्टरांच्या सूचना इंग्रजीत असतात. मी पाहिले आहे की ज्या मुलांना हृदय, धमनी, शिरा यांचे काम आपल्या भाषेत नीट समजलेले असते, ती इंग्रजी नावे काही महिन्यांत उचलतात. नुसती इंग्रजी नावे पाठ करून आलेली मुले मागे पडतात. म्हणून आधी समज पक्की करावी. नाव मागून येते.

तिसरी गोष्ट कोणत्याही विषयाच्या तासाला शिकवली जात नाही, तरी मुले ती रोज शिकतात. पहिलीच्या वर्गात एखादे मूल उलटी करते. चाळीस मुले एका सुरात "ईऽऽ" करतात, बाक सरकतात, नाके दाबली जातात. बाई दार उघडून आयाला हाक मारतात. पुढच्या पाच मिनिटांत वर्ग काय शिकतो? आजारी पडणे लाजिरवाणे असते, घाण साफ करणारे माणूस वेगळे असते आणि ते आपण नव्हे. हा धडा पुसायला नंतर दहा वर्षे पुरत नाहीत. आपल्या घरांतून "नर्स म्हणजे दुसऱ्यांची घाण काढणारी" असे जे बोलले जाते, त्याचे मूळ इथे आहे. त्यात जातीचाही वास आहे, हे मोकळेपणाने कबूल केलेले बरे.

तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकतो. बाई त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवतात, एका मुलीला पाणी आणायला सांगतात, दुसऱ्याला खिडकी उघडायला. चूळ भरायला देतात, कपाळ पाहतात, मग स्वतः जमिनीवर माती टाकतात. वर्ग बघत असतो. त्या चाळिसांत एखादे मूल असे निघते, जे न सांगता त्याचे दप्तर उचलून आणून ठेवते. शिक्षकांनी ते मूल लक्षात ठेवावे. प्रगतिपुस्तकात त्या गुणाला रकाना नाही, म्हणून निदान त्याच्या पालकांना तोंडी तरी सांगावे.

सावित्रीबाई फुल्यांना आपण १८४८ च्या शाळेमुळे शिक्षिका म्हणून वंदन करतो. त्यांचा शेवट कसा झाला हेही मुलांना सांगावे. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रुग्णांना आणवत, त्यांची शुश्रूषा करत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पहिली शिक्षिका आणि रुग्णांची सेवा करणारी बाई एकच होती.

सवयींचेही तसेच. कुणाच्या नाकातून रक्त आले की आपण मान मागे टाकायला लावतो. ते चूक आहे, कारण रक्त घशात उतरते. मुलाला बसवून थोडे पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा प्रकार अजून चालतो. त्याऐवजी आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर १०८ ला फोन करावा. जुलाब झालेल्यासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आठवीच्या मुलाला झोपेतही सांगता आले पाहिजे. जीवशास्त्राच्या तासाला एकमेकांची नाडी मोजायला लावली तर मुले किती रमतात! बसून मोजायची, मग मैदानाला एक फेरी मारून मोजायची. पुस्तकातले हृदय तेव्हा पहिल्यांदा बोटाखाली लागते.

मुलांविषयीही, म्हणजे मुलग्यांविषयी, एक शब्द. बी.एस्सी. नर्सिंग आणि जी.एन.एम. हे दोन्ही अभ्यासक्रम त्यांना खुले आहेत. वजनदार रुग्णाला उचलायला, अपघात विभागात, मानसिक रुग्णांच्या वॉर्डात त्यांची गरज असते. आजोबांच्या उशाशी बसणाऱ्या नातवाला "काय बायकांसारखा" म्हणणे बंद झाले तर पुष्कळ काम होईल.

नियम थोडक्यात सांगते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. इंटरला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, म्हणजे आपल्याकडचे बायपीसी, आणि सर्वसाधारण गटाला किमान ४५ टक्के. जी.एन.एम. तीन वर्षांचे. त्याला विज्ञान शाखा असली तर चांगले, पण कोणत्याही शाखेचे इंटर चालते, ४० टक्के आणि इंग्रजी विषय पाहिजे. ए.एन.एम. दोन वर्षांचे, फक्त मुलींसाठी. वय १७ पूर्ण हवे. जी.एन.एम. झाल्यावर पुढे पदवी घेता येते, म्हणजे उशिरा जागे झालेल्यांसाठीही मागचे दार आहे. कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही, आणि त्याला स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय आहे की नाही, हे फी भरण्याआधी स्वतः जाऊन पाहावे. रुग्णालय नसलेले नर्सिंग कॉलेज म्हणजे विहीर नसलेला मोट. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६ पासून स्टाफ नर्सचे पदनाम 'नर्सिंग ऑफिसर' झाले आहे, हे 'टाकू' म्हणणाऱ्यांनी आवर्जून वाचावे.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवते. जिन्याखालच्या जागेत सध्या जुने फळे आणि मोडकी बाके पडली आहेत. ती जागा रिकामी करून तिथे आजारपणाची खोली करावी. एक खाट, धुता येईल असे अंथरूण, हात धुण्यासाठी नळ आणि साबण, थर्मामीटर, प्रथमोपचाराची पेटी, आणि मुलींसाठी पॅड ठेवलेले कपाट. भिंतीवर एक वही टांगलेली असावी, त्यात कोण आले, काय झाले, किती वाजता, ताप किती, हे लिहायचे. ती नोंद आठवी-नववीच्या मुलामुलींनी आळीपाळीने, शिक्षिकेच्या देखरेखीखाली ठेवावी. खर्च फार नाही. नळाची जोडणी शेजारच्या प्रयोगशाळेतून घेता येते, हे मी प्लंबरला विचारून ठेवले आहे.